९९०१ चा कौल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आकडेमहाराज व्यासपीठावरून सांगत होते, "जन्मतारीख सहा आकड्यांत लिहा. तीच पुढे पुन्हा जोडा. एकदा देहासाठी, एकदा आत्म्यासाठी. आता भागा नऊ हजार नऊशे एकने. ही संख्या आजवर कुणाला फोडता आली नाही. बाकी शून्य आली, की तुमचा रोगही शून्य."

शेकडो फोनांवर बोटं फिरली. एकाच्याही उत्तरात दशांश चिन्ह आलं नाही. लोक रडू लागले, त्यांत माझी धाकटी बहीणही होती. तिच्या मुलीला लहानपणापासून मधुमेह होता, रोज इन्सुलिन टोचावं लागे.

"कौल मिळाल्यावर सुई टोचणं म्हणजे शंका घेणं," महाराज म्हणाले. शंकेचं त्यांना भारी वावडं.

मी शाळेत गणित शिकवते. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले, तर तिने तो बाजूला सारला.

"ताई, वर्गातली हुशारी घरात नको. तुझीही तारीख घालून पाहिली मी. तुझंही चांगलंच होणार आहे."

भाची खुशीत होती. "मावशी, आज सुई नाही!"

इन्सुलिन मोरीत ओतलेलं होतं. मी नवी बाटली आणली, तर बहिणीने दार उघडलं नाही. मेहुणे म्हणाले, "आई आहे ती. तिला कळत नाही का?" मी डॉक्टरांना घेऊन पोचले, तेव्हा पोरीला धाप लागली होती आणि हाक ऐकू जात नव्हती. दवाखान्यात ती गेली. माझा संताप अजून शमलेला नाही.

पुढच्या बैठकीला बहीण माझ्याबरोबर आली.

"तुझी श्रद्धा कमी पडली, बाई," महाराज म्हणाले.

तिने वाद घातला नाही. माइक घेऊन लोकांना एक तारीख सांगितली. "घाला."

"बाकी शून्य," पुढच्या रांगेतला एक सेवक म्हणाला. "भाग्यवान जीव आहे."

"माझी मुलगी गेली ती तारीख आहे ही."

मग मी उभी राहिले. "आता सहा वेळा नऊ घाला आणि पुन्हा सहा वेळा नऊ. असा दिवस कुठल्याही कॅलेंडरात नाही. तरी बाकी शून्यच. सहा आकडे दोनदा लिहिणं म्हणजे त्यांना दहा लाख एकने गुणणं. आणि दहा लाख एक म्हणजे एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. महाराजांनी तुमच्याच हाताने आधी गुणायला लावलं, मग भागायला लावलं. तारीख एकदाच लिहून बघा."

लोकांनी भागलं. फोनच्या पडद्यांवर दशांश आले. महाराज मागच्या दाराकडे सरकत होते.

"ती संख्या खरंच अविभाज्य आहे," मी म्हटलं. "पण तिला तुमचा आजार ठाऊक नाही. भागाकार शिक्षकाला विचारा, औषध डॉक्टरांना विचारा. आणि कुणी शंका घेऊ नका म्हणालं, तर तिथे आधी शंका घ्या."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "मी आठवडाभर घेतल्या नाहीत. आता चालतील का?"

"डॉक्टरांना विचारू," बहीण त्याचा हात धरत म्हणाली. "चला, मी येते तुमच्याबरोबर."