न्यूट्रलची खीळ

गिअरची लिव्हर न्यूट्रलला खीळ घालून अडकवली, त्या दुपारपासून नीरू वाढायची थांबली. तेव्हा ती तीन महिन्यांची होती.

गाडी घरी जोडायची होती. दोन सीटची. सोळा खोक्यांतून आली, सोबत एक जाडजूड पुस्तक. विश्वजित, माझा नवरा, पुस्तक वाचायचा आणि मी पाना धरायचे, कारण मेकॅनिकलचा डिप्लोमा माझा आणि बी.कॉम. त्याचं. नीरू पोटात असताना इंजिन बसलं. ती झाल्यावर राहिली होती ती गिअरची लिव्हर. लिव्हरला दोन केबली असतात. एक पुढंमागं ढकलते, दुसरी डावीउजवीकडं. त्यांची लांबी जुळवायची तर आधी लिव्हर बरोब्बर मधोमध खिळीनं अडकवायची आणि मग नट आवळायचे. खोक्यांत ती खीळ नव्हती.

"करंगळीएवढी जाड पाहिजे," विश्वजित पुस्तकात बघून म्हणाला.

तेवढीच खीळ पाळण्याच्या कडीत होती. मी ती काढली, तिच्या जागी सुतळी बांधली, आणि शेडमध्ये येऊन खीळ लिव्हरच्या भोकात घातली. टक्कन बसली. आत नीरू रडत होती, ती मधेच थांबली.

"झोपली वाटतं," विश्वजित म्हणाला.

ती झोपली नव्हती. डोळे उघडे होते, अंग ऊन होतं. पोटावर हात ठेवला तर बारीक थरथर लागत होती, गाडी नुसती चालू ठेवल्यावर बॉनेटला लागते तशी.

खोक्यातली केबल दीड मीटरची होती. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ती गाडीखालून निघून शेडच्या दारातून अंगणात गेली होती, तुळशीला वळसा घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आत आणि पाळण्याच्या पायापर्यंत. सासूबाई तिच्यावरून पाय उचलून जायच्या. फरशी पुसताना एका हातानं ती उचलायच्या, खालून फडकं फिरवायच्या आणि परत ठेवायच्या.

चौथ्या दिवशी मी खीळ काढून पाहिली. लिव्हर जेमतेम बोटभर पहिल्या गिअरकडं सरकवली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, पालथी पडली की गं पोरगी!" मी लिव्हर मागं ओढली आणि खीळ घातली. आत गेले तर नीरू उताणी होती आणि सासूबाई चष्मा पुसत होत्या. "भास झाला असंल," त्या म्हणाल्या.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकते.

त्या दिवशीच मी नट आवळायला हवे होते. दहाचा पाना, दोन नट, अर्ध्या तासाचं काम. पण शेडमध्ये इतकं शांत होतं. ती जन्मल्यापासून मी सलग दोन तास बसले नव्हते. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले, समोरच्या पत्र्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी फुटाणे घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी उशी.

"जमतंय का?" विश्वजित संध्याकाळी विचारायचा.

"आडवी केबल जुळंना झालीय. उद्या बघते."

"हळूहळू कर. तुला जमणार, मला ठाऊक आहे." तो पुस्तकात पेन्सिलीनं खूण करून ठेवायचा. तो असं बोलला की मला त्याच्याकडं बघवायचं नाही.

नीरूला पाजायला घेतलं की ती तोंडात धरून ठेवायची, ओढायची नाही. मी दूध मोरीत पिळून यायचे, वरून तांब्याभर पाणी ओतायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "प्यायली पोटभर." रात्री तिला जवळ घ्यायचे. तिच्या केसांना अजून तोच वास होता, तिसऱ्या महिन्यातला. पायांची बोटं एकेक करून धरायचे. सकाळी खीळ काढायची, असं दर रात्री ठरवायचे. सकाळी दुपारची वाट बघायचे.

दोन महिने गेले.

"झबलं अजून होतंय की हिला," सासूबाई म्हणाल्या. "शेजारच्या मालूचं पोरगं हिच्या मागनं झालं, ते पालथं पडाय लागलं."

"काही मुलं सावकाश वाढतात, आई."

"सावकाश म्हणजे किती? नखं कधी काढलीस शेवटची?"

त्या नीरूची नखं बघत बसल्या, एकेक, चष्मा वरखाली करत. मग म्हणाल्या, "तू दिवसभर त्या शेडात असतीस. पोरीला आई लागते गं." आवाज मऊ होता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाचवा महिना भरत आला. मुलीचं उष्टावण पाचव्यात करतात. मामानं मांडीवर घ्यायचं आणि अंगठीनं पहिली खीर चाटवायची. रविवार ठरला. माझा भाऊ संग्राम सकाळीच आला, आल्या आल्या शेडमध्ये डोकावला.

"ताई, अजून लिव्हरच? पोरगी कॉलेजला जाईपर्यंत होईल का?"

"होईल."

"दाजी, हिला डिप्लोमा कुणी दिला ओ?"

विश्वजित हसला. "माझ्या बायकोला काही बोलायचं नाही. नाजूक काम असतंय ते."

घरात पंचवीस माणसं झाली. प्रत्येक बाई नीरूला उचलायची, हातावर तोलायची, दुसऱ्या बाईकडं बघायची आणि तिच्याकडं द्यायची. नीरू हातोहात माझ्याकडं आली तेव्हा सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी तिला सासूबाईंकडं दिलं, "आले" म्हणाले आणि काठपदराची साडी खोचून शेडमध्ये गेले.

दोन महिन्यांचाच प्रश्न होता. पहिला टाकायचा, अलगद, पालथी पडेपर्यंत, मान धरेपर्यंत. पाच महिन्यांची झाली की थांबायचं. मी क्लच दाबला, खीळ काढली, लिव्हर डावीकडं नेऊन वर ढकलली.

पण त्या दोन नटांना माझा पाना एकदाही लागला नव्हता. आडवी केबल सैल होती तशीच होती. लिव्हर माझ्या हातात डावीकडं होती आणि खाली गिअर उजवीकडं गेला. पहिला म्हणून टाकला, तो पाचवा पडला, सगळ्यात वेगाचा. आवाजावरून कळलं. लिव्हर मागं ओढली, निघेना. दोन्ही हातांनी ओढली, डॅशबोर्डला पाय लावून ओढली. गाडीखालची केबल सरसर सरकत होती, अंगणातून, उंबऱ्यावरून, एका दिशेनं, थांबतच नव्हती.

मग ती थांबली.

"ताई," संग्रामनं आतून हाक मारली, "ये की, खीर गार होतीया."

हात काळे झाले होते. मी ते पदरात धरून आत गेले. बायका बाजूला सरकल्या, मला पुढं वाट दिली.

संग्राम पाटावर मांडी घालून बसला होता. त्याच्या मांडीवर एक म्हातारी बाई होती, पांढरेशुभ्र केस, अंगावर पिवळं झबलं, पाय लांब पडून रांगोळीत गेलेले. संग्रामच्या कपाळावर घाम होता. तो एका हातानं तिची पाठ सावरत होता.

"आत्ता कशी अंगाला लागल्यासारखी दिसती," सासूबाई म्हणाल्या. मालूनं मान हलवली. विश्वजित फोटो काढत होता.

त्या बाईच्या पायाची बोटं मी ओळखली. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं, मग पदरात धरलेल्या हातांकडं, आणि बराच वेळ हातांकडंच. मला वाटलं, आता ती सगळ्यांसमोर सांगेल.

संग्रामनं अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या ओठांजवळ नेली. तिनं माझ्यावरची नजर काढली नाही, नुसतं तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"येतील आता," सासूबाई म्हणाल्या.