टिचकीच्या मापाची

मी बोलतेय. इकडे, वर बघा, खिळ्यावर. शिंप्याच्या दुकानात, मापाच्या टेपशेजारी टांगलेली गोल तोंडाची रॅकेट. टेनिसची नाही हां, पॅडलची, काचेच्या भिंतींमध्ये खेळतात त्या खेळाची. मला जाळी नसते, अंगभर भोकं असतात. चाळणी म्हणून झालंय, झारा म्हणून झालंय. तुम्हीही काय ते म्हणून घ्या, मग ऐका.

कारखान्यात माझ्या पोटात मऊ फोम भरला, वरून पातळ कातडी चढवली आणि मला खेळाच्या सामानाच्या दुकानात पाठवलं. जागा मिळाली सगळ्यात खालच्या फळीवर. वरच्या फळीवर एक काळी, टोकदार, डोक्याने जड बया. तिला मी महाराणी म्हणायचे. येणारा प्रत्येक बाप आधी तिच्याकडेच बघायचा. पोरांना काय हवंय ते विचारायची पद्धतच नव्हती.

एक दिवस टिचकी आली. बारा वर्षांची, हातपाय काडीसारखे, म्हणून सगळे टिचकीच म्हणायचे. सोबत तिचे बाबा, म्हणजे हे शिंपी. या माणसाने पोरांचा एक कपडा कधी मापात शिवला नाही. बाहीत दुमड, कमरेत वाढीसाठी जादा माया. दरवर्षी टिचकीच्या स्कर्टची एक पट्टी उसवायची, की झाला नवा.

दुकानदार काका म्हणाले, "शिकणाऱ्या पोरांना ही गोल बरी. हलकी आहे, चेंडू मधोमध लागतो. कोपराला झटका बसत नाही."

"ती वर्षात लहान होईल," बाबा म्हणाले. "ती काळी द्या. वाढेल त्यात."

टिचकीला कुणी विचारलंच नाही. गेली महाराणी.

पुढचं मला नंतर चेंडूंनी सांगितलं. चेंडू जाम चुगलखोर. महाराणी हवेत फिरून येईपर्यंत चेंडू मागच्या काचेवर आपटून निघून गेलेला असायचा. टिचकीची जोडीदार लांबू म्हणाली, "तू रॅकेट फिरवतेस की ती तुला?" मग कोपर दुखायला लागलं. खेळ शिकवणाऱ्या सरांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "आता आराम. पुढच्या रविवारी जोड्या ठरणार. हात असाच राहिला तर लांबूबरोबर दुसरी कुणीतरी खेळेल."

घरी तिने दुखण्याचं सांगितलं नाही. बाबांनी एवढ्या कौतुकाने घेतलेली रॅकेट, सांगणार कसं? डाव्या हाताने जेवायला लागली. आईने विचारलं तर म्हणाली, "सवय करतेय."

मग एका संध्याकाळी बाबांच्या दुकानात दोरा तोडायचा होता. टिचकीने कापड कापायची मोठी लोखंडी कात्री उचलायला हात घातला.

"ठेव ती," बाबा ओरडले. "मनगट जाईल. छोटी घे."

"वाढेन की त्यात," टिचकी म्हणाली.

शिवणाचं मशीन थांबलं. बाबांचा पाय पायडलवर तसाच.

"कोपर दाखव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दुकानाचं शटर अर्धं वर जातंय तोच बापलेक आत. महाराणीला ओरखडे पडले होते, काका डोकं खाजवायला लागले. शेवटी दुकानाचा पडदा शिवून द्यायच्या बोलीवर अदलाबदल झाली. काकांनी मला टिचकीच्या हातात दिलं. "हात सरळ धर. खाली झुकतोय का?"

नाही झुकला. मी कसली फुगले होते म्हणून सांगू.

"मुठीत बसते?" बाबांनी विचारलं.

"बसते."

"ढिली कितपत?"

"अजिबात नाही."

"जरा तरी?"

"बाबा."

"बरं बाई."

रविवारपर्यंत कोपर निवळलं होतं. जोड्या ठरवायच्या सामन्याचा शेवटचा गुण. समोरच्यांनी उंच चेंडू टाकला. तो टिचकीच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या काचेवर आदळून परत निघाला. आधीची टिचकी घाईने झेपावली असती. ही थांबली. चेंडू खाली येऊ दिला आणि मला अलगद पुढे आणलं. बरोब्बर माझ्या मधोमध. चेंडू समोरच्या दोघींच्या मधून सरपटत गेला आणि त्या एकमेकींकडे बघत बसल्या. लांबू म्हणाली, "आज तू फिरवलीस." जोडी तीच राहिली. सरांनी टाळी वाजवली ती टिचकीसाठी. थोडी माझी पण होती, मी घेतली.

आता टिचकी लांबूपेक्षा उंच झालीय. नवी रॅकेट तिने स्वतः हातात धरून, चार फटके मारून निवडली. बाबा काकांच्या दुकानाच्या दारातच थांबले. माझी कड खरवडलीय, मुठीची पट्टी झिजलीय, पण मी माळ्यावर गेले नाही. मला इथे ठेवलंय, कामावर.

कुणी पोराचं माप द्यायला आलं आणि खेळाचा विषय निघाला, की बाबा मला खाली काढतात. "आधी ही धर. हात सरळ." पोराचा बाप म्हणतोच, "जरा जड घेतली तर वाढेल ना त्यात?" मग बाबा त्याच्यासमोर ती मोठी कात्री ठेवतात आणि म्हणतात, "द्या पोराच्या हातात."

अजून कुणी दिली नाही.

तेव्हा मायबाप, वाढ कपड्यात ठेवा, हवी तेवढी. हातातलं मात्र आजच्या हाताचं घ्या. चला, गिऱ्हाईक आलं. पोरगं भलतंच काडी आहे. माझंच काम दिसतंय.