पंप पुन्हा सुरू करा!

मी जाळी बोलतेय. हडसन नदीकाठी एक वीजकेंद्र आहे. यंत्रं थंड ठेवायला ते नदीचं पाणी ओढतं, आणि त्या तोंडावर मी उभी आहे.

जवळच्या ट्रॉय शहरातल्या कारखान्यात मला घडवलं, तेव्हा काडीकचरा अडवायचा एवढंच काम सांगितलं होतं. माशांविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही.

वसंतात शॅड मासे समुद्रातून अंडी घालायला नदीत येतात. पंपांची ओढ त्यांना माझ्यावर आणून आपटायची. मोठे मासे तिथंच चिकटून गुदमरायचे. पिल्लं माझ्या भोकांतून आत जाऊन ऊन पाण्यात शिजायची. मला हात नाहीत. सोडवणार कशी?

आयडा टेरविलिगर ही इथली जुनी मासेवाली. होडीतून ती हे बघायची.

"मासे मीही मारते," ती भावाला, वॉल्टला म्हणाली, "पण ते कुणाच्या तरी ताटात जातात."

"वीजवाल्यांशी भांडतेस? घरातले दिवे जातील!"

"मग अंधारात जेवू."

पाणी ओढताना जलचरांची हानी कमीत कमी होईल असं उत्तम साधन केंद्रानं वापरावं, असा कायदा आहे. त्यावर बोट ठेवून आयडानं दावा लावला. न्यायाधीशबाई स्वतः पाहणीला आल्या.

व्यवस्थापक कॅफ्रीनं त्या सकाळी बहुतेक पंप बंद ठेवले होते. मला वर उचललं. अंगावर फक्त चार ओली पानं.

"बघा, कुठं आहेत मासे?" कॅफ्री हसला.

आयडा म्हणाली, "बाईसाहेब, एरवी इथं मला वॉल्टशी ओरडून बोलावं लागतं. आज आपण कुजबुजतोय."

न्यायाधीशबाईंनी कान दिला. मग म्हणाल्या, "कॅफ्री, रोजच्यासारखे पंप सुरू करा. मी थांबते. डबा आणलाय."

दुपारी मला पुन्हा उचललं, तेव्हा माझं लोखंड दिसत नव्हतं. मधोमध गाभोळीनं फुगलेली एक मादी होती. आयडानं तिला अलगद सोडवून पाण्यात धरलं. ती आडवी झाली, ती पुन्हा सरळ झालीच नाही. डबा उघडलाच गेला नाही.

निकाल लागला: अंडी घालण्याच्या दिवसांत कमी पाणी ओढा, तोंड रुंद करा, बारीक भोकांची नवी जाळी बसवा, जुनी काढा.

जुनी म्हणजे मी. ऐकून मला हायसं वाटलं.

पण कंपनी मुदतीवर मुदत मागतेय, आणि आयडा प्रत्येक तारखेला कोर्टात उभी राहतेय. मीही अजून इथंच आहे. माझं म्हणणं कुणी विचारणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते: भंगारात गंजायला मी तयार आहे. मला आजच काढा.