तिसरा तांब्या

खोलीत सामसूम होती. पोरगी झोपलेली, ह्यांची मिलची पाळी सुटायला अजून तासभर होता, आणि मी भिंतीला टेकून जरा डोळे मिटले होते. तेवढ्यात पिठाच्या डब्याचं झाकण खण्णकन फरशीवर पडलं. डोळे न उघडताच मी म्हटलं, "जॉबर, बाहेर."

जॉबर बाहेर गेला नाही. त्यानं आतापर्यंत कुणाचं ऐकलेलं मला आठवत नाही. डब्यातून तोंड काढून त्यानं माझ्याकडे बघितलं, नाकापासून डोळ्यांपर्यंत ज्वारीचं पीठ, आणि पुन्हा तोंड आत घातलं.

जॉबर म्हणजे आमचा एडका. नाव ह्यांनी ठेवलेलं. मिलमध्ये ह्यांच्या खात्यावरचा जॉबर, म्हणजे मुकादम, असाच आहे म्हणे, समोर कुणी आलं की आधी धडक आणि मग चौकशी. चाळीतल्या बाकीच्या गड्यांना सुट्टीला तालीम असते, तमाशा असतो. आमच्या ह्यांचा सगळा छंद म्हणजे हा एडका. पाळीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी त्याच्या शिंगांना तेल. स्वतः शिळी भाकरी खातील, पण त्याला भिजवलेले हुलगे. एकदा त्याची लोकर माझ्या फणीनं विंचरली. त्यानंतर ती फणी मी डोक्याला लावली नाही. लावली असेल तर दोनदाच.

आणि आमची म्हाळू तर त्याच्या पोटावर डोकं ठेवूनच झोपायची. पोरगी पाच वर्षांची, तो साडेचार. पोरीचा पहिला दुधाचा दात हलला, तोवर ह्याचे सगळे पडून नवे आले होते.

पण जॉबर आमचा नव्हता. तो बिरदेवाचा, आम्हा धनगरांच्या देवाचा होता.

म्हाळू तान्ही असताना तिला तापानं धरलं. तीन दिवस डोळे उघडेना. तेव्हा मैंदर्गीहून माझ्या सासूबाई आल्या, आत्याबाई म्हणते मी त्यांना, पोरीच्या कपाळाला भंडारा लावला आणि देवाला बोलल्या, "ही वाच, पाच वर्साची हू दे, घरचा एडका तुला देते." पोरगी वाचली. आत्याबाईंनी आपल्या मेंढरातलं एक कोकरू आणून दिलं, कारण नवसाचं जनावर विकतचं चालत नाही, घरी वाढवलेलं लागतं. वाढवलं आम्ही. आता येत्या रविवारी, मिलच्या सुट्टीला, त्याला चाळीमागच्या लिंबाखालच्या बिरदेवापुढं उभा करायचा होता.

शनिवारी संध्याकाळी ह्यांचे मिलमधले दोन दोस्त आले. रामहरी शेजारच्या मागावरचा, करकंबचा. त्याला मटण म्हटलं की कान टवकारतात. वीरभद्रप्पा कापडाच्या घडीखात्यातला, लिंगायत, अंडंसुद्धा न खाणारा. पण न्यायनिवाडा करायला सगळीकडे हजर.

"वैनी, मसाला आमच्या घरनं आणतो बरं का," रामहरी म्हणाला. "बायको सकाळधरनं वाटतीय. तुमी फकस्त भाकऱ्या थापा."

"त्याला आधी मरू तरी द्या," मी म्हटलं.

"मरंल की. न मरून जातोय कुटं?"

हे जॉबरची मान खाजवत बसले होते. दोस्त गेल्यावर मी म्हटलं, "अवं, रातच्याला आत्याबाई आल्या की सांगा त्यास्नी. दुसरं जनावर बघा म्हनावं."

"तू सांग की."

"आई तुमची."

"सासू तुजी."

एवढा मोठा गडी, मिलमध्ये दोन-दोन माग एकाच वेळी सांभाळतो, पण आईपुढं ह्यांचा आवाज कोकरासारखा होतो. त्या रात्री दोघांनीही भाकरी अर्धी ठेवली. ती जॉबरनं खाल्ली.

आमच्यात रीत अशी. जनावर देवापुढं उभं करायचं, भंडारा लावायचा आणि अंगावर पाण्याचा तांब्या ओतायचा. जनावरानं अंग झाडलं की देवानं ते घेतलं. नाही झाडलं तर दुसरा तांब्या, मग तिसरा. तिसऱ्यालाही नाही झाडलं तर देवाला ते नको, सोडून द्यायचं. पाणी आणायचं काम पोरीच्या आईचं.

मी मेंढरात वाढलेली. मेंढरू अंग का झाडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. थंडीच्या दिवसात सकाळी गार पाणी पडल्यावर देवच काय, मामलेदारसुद्धा अंग झाडेल.

रविवारी पहाटे उठले. सगळे अजून गोधडीत. चुलीवर हंडा ठेवला. देवाची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. तापाच्या त्या तीन दिवसांत हात मीही जोडले होते. मनात म्हटलं, बाबा बिरदेवा, तू आमच्यातलाच, मेंढरामागं तूही हिंडलास. दुसरं काहीही माग. माझी नथ माग. आत्याबाईंची तंबाखूची चंची माग, तेवढंच त्यांचं भलं होईल. पण हे एक जनावर राहू दे.

पाणी फार तापवून चाललं नसतं, वाफ दिसली असती. म्हाळूला न्हाऊ घालताना बघते तसं कोपर बुडवून बघितलं. ऊन नाही, गार नाही. कळशीत ओतलं आणि वर लिंबाचा डहाळा ठेवला. मागं वळले तर म्हाळू गोधडी पांघरून उभी.

"आई, आंघोळ कुनाची?"

"जॉबरची. कुनाला सांगू नगंस."

लिंबाखाली चाळीतली वीस-पंचवीस माणसं जमली. जॉबर कपाळाला भंडारा लावून असा उभा, जणू लग्नाला आलाय आणि मुलगी पसंत नाही. आत्याबाईंनी काष्टा खोचला, देवाला हात जोडले आणि ह्यांना म्हणाल्या, "वत."

ह्यांनी डोळे मिटून पहिला तांब्या ओतला. पाणी लोकरीतून खाली गेलं. जॉबरनं डोळे अर्धे मिटले. एवढंच.

"हालला," रामहरी म्हणाला.

"डोळं हालल्यालं धरत न्हाईत," वीरभद्रप्पा म्हणाला. "अंग झाडाय पायजे."

दुसरा तांब्या. जॉबरनं मान लांब केली, बाळंतिणीला न्हाणीत बरं वाटतं तशी, आणि रवंथ करायला लागला. रामहरीला राहवेना. तो वाकला आणि जॉबरच्या कानात हळूच फुंकर मारली.

"ए करकंबच्या," आत्याबाई कडाडल्या. "देवाच्या कौलात फुंकर घालतुस व्हय?"

"माशी व्हती, काकू."

"थंडीत माशी?"

"तुमच्या देवापुढची हाय, तिला काय थंडी."

लोक हसले. माझं लक्ष मात्र कळशीकडे. पाणी निवत चाललं होतं. तिसरा तांब्या मी घाईघाईनं भरला आणि ह्यांच्या हातात देणार, तर आत्याबाई म्हणाल्या, "आन हिकडं. ह्याचा हात कापतोय. म्या वतते."

आमच्या आत्याबाईंची एक सवय आहे. काहीही ओतायचं झालं की आधी देवाच्या नावानं चार थेंब स्वतःच्या बोटांवरून सोडतात. बोटं धारेखाली गेली आणि तिथंच थांबली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जॉबरकडे बघितलं. आयुष्यभर मेंढरं राखलेली बाई ती, तिला काय सांगायचं? वाटलं, आता तांब्या माझ्याच डोक्यात बसणार, सगळ्या चाळीपुढं. त्यापेक्षा वाईट म्हणजे, देवाला फसवलंस, पोरीला काही झालं तर बघ, असं म्हणणार. ते त्या न म्हणताही माझ्या कानात घुमतच होतं.

आत्याबाईंनी तांब्या वाकवला आणि सावकाश ओतला, धार बारीक ठेवून, पाठीवर, खांद्यावर, कानात थेंब जाणार नाही अशी. दुसऱ्या हातानं लोकर चोळत राहिल्या. जॉबरनं एक लांब श्वास सोडला.

आम्ही उभे राहिलो. समोरच्या आळीतला कोंबडा आरवून दमला. जॉबर दगडासारखा.

"देव न्हाय म्हनतोय," आत्याबाई म्हणाल्या. "जावा आपापल्या घरी."

"काकू, आनखी येकदा बगू की," रामहरी म्हणाला.

"तू देव हायस का?"

"न्हाय."

"मग गप."

हे लिंबामागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल. डोळ्यात भंडारा गेला म्हणाले. रामहरीच्या बायकोचा मसाला वांग्यात घातला. तो बिचारा एकेक फोड उलटून बघत जेवला, तळाशी काही निघेल म्हणून. वीरभद्रप्पानं मात्र चार भाकऱ्या हाणल्या. देवानं योग्य निकाल दिला म्हणाला.

सगळे उठून गेल्यावर मी घरच्यांच्या भाकऱ्या करायला चुलीपुढं बसले. आत्याबाई उंबऱ्यात बसून चंची सोडत होत्या. तंबाखूत चुना मळला, मग खाली बघूनच म्हणाल्या, "लेकराला न्हाऊ घालायचं पानी व्हतं ते."

मी भाकरी थापत राहिले.

"म्या बोलले व्हते देवाला, तू न्हाय. देवाचं म्या बघून घीन," त्या म्हणाल्या. "तू भाकर उलट, करपाय लागली."

मी उलटली. डोळ्यांत पाणी आलं, ते धुराच्या नावावर खपलं.

तेवढ्यात म्हाळू आत आली. तोंडाला, केसांना, परकराला, सगळीकडे जॉबरचा भंडारा. ती आजीच्या मांडीवर चढली नाही, माझ्याही नाही. दोघींच्या मधे उभी राहिली, जरा लांबच. हातात पिवळ्या लोकरीचा पुंजका धरलेला.

"आई," ती म्हणाली, "आजीनं माज्यासाटी देवाला जॉबर कबूल केला व्हता. त्यो तर आपून ठिवून घेतला. मग आता मला माघारी द्यायचं का?"