ग्रेसच्या बाजूचं दार

गाडीचं डावं दार आधी दोन बोटं वर उचलायचं, मग आत ढकलायचं आणि शेवटी गुडघ्याने एक दणका द्यायचा. आमोस सरांनी हे सगळं क्रमाने केलं, दारावर तळहात ठेवून पाहिला आणि शाळेत उत्तर बरोबर आल्यावर म्हणायचे तशा सुरात म्हणाले,

"लागलं."

आत बसलेल्या स्टेलाने मांडीवरचा भोपळा सावरला. तिला सातवा महिना होता. पोट आणि भोपळा दोघांना पुरेल एवढी जागा काही मांडीवर उरली नव्हती.

"पप्पा, याला मागे ठेवू या ना."

"मागे गडगडतो गं. तुझी आई पायांत धरून बसायची."

"मला वाकता येतंय का आता?"

सर वळसा घालून आपल्या जागी येऊन बसले. स्टेलाने पट्टा पोटाखालून नीट घेऊन लावला, दोन्ही हातांनी भोपळ्याला कव घातली आणि गाडी नगरच्या सावेडीतल्या शांत गल्लीतून निघाली.

भोपळा स्टेलाच्या आईचा, ग्रेसचा होता. म्हणजे तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण परसातल्या भिंतीवर ती दरसाल वेल चढवायची आणि यंदा तो कुणी न लावता आपला आपणच वर आला. त्याला एकच फळ धरलं. सरांनी त्याला पाटाएवढी फरशी टेकायला दिली, रोज सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि मनाशी ठरवलं की हा कापणीच्या सणाला कोल्हारला न्यायचा. कोल्हार ग्रेसचं माहेर. तिथल्या ख्रिस्ती देवळात सणाच्या दिवशी जो तो आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवतो आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. ग्रेसचा भोपळा पुकारला की सर हट्टाने बोली चढवत आणि दुसऱ्या कुणाला तो घेऊच देत नसत. घरून आणलेला भोपळा विकत घेऊन घरी नेणारा जावई म्हणून कोल्हारात त्यांची ख्याती होती. ग्रेस कपाळाला हात लावायची, पण त्या रात्री भोपळ्याचे घारगेही करायची.

"अजून पेपरमिंटचा वास येतो या गाडीत," स्टेला म्हणाली.

"तिथे पुढच्या कप्प्यात तुझ्या आईच्या गोळ्या असतील बघ एक-दोन. मी काढलेल्या नाहीत."

स्टेलाचे हात मोकळे नव्हते. तिने नुसतं कप्प्याकडे पाहिलं. तिची स्वतःची गाडी नवी होती, पुण्याला असायची. तिच्यात दार नीट लागलं नाही तर गाडीच ओरडायची. या म्हातारीला तसला आवाज नव्हता. खिडकीची काच खाली करताना फक्त ती कण्हायची.

"पप्पा, हे दार खरंच नीट लागलंय ना? खडखडतंय."

"वीस वर्षं झाली, एकदाही आपोआप उघडलेलं नाही. मी स्वतः दुरुस्त केलंय ते."

स्टेला हसली. ही गोष्ट तिला पाठ होती. गाडी घेतली तेव्हाच जुनी होती आणि वर्षभरात डाव्या दाराचा खटका ढिला पडला. गॅरेजवाल्याने सबंध लॉक बदलायला सांगितलं. आमोस सर विज्ञान शिकवायचे. त्यांना तो अपमानच वाटला. एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी दाराचं आतलं आवरण काढलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून खटक्यामागे बसवला, वर तारेचे दोन वेढे दिले. मग ग्रेसला हाक मारली, तिला शेजारी बसवलं आणि पाईपलाईन रोडपर्यंत एक फेरी मारून आणली.

"बघ, लागलं की नाही?"

"लागलं हो," ग्रेस म्हणाली होती.

तेव्हापासून त्या दाराची कीर्ती सरांनी नात्यागोत्यात पसरवली होती. कोल्हारला गेलं की मेहुणा जेम्स न चुकता विचारायचा, "दाजी, दार काय म्हन्तंय?" आणि सर न चुकता सांगायचे, "एकदाही उघडलेलं नाही." ग्रेस तेव्हा पदर सारखा करत दुसरीकडे बघत असायची. तिला आपल्या बढाईची लाज वाटते असं सरांना वाटे आणि म्हणून ते आणखीच रंगवून सांगत.

गाडीत बसली की मात्र तिचा डावा हात दाराच्या आतल्या मुठीवर असायचा. सर तिची चेष्टा करत. "रणगाड्यात बसल्यासारखी काय बसतेस? माझ्यावर भरवसा नाही का?" ती म्हणायची, "तुम्ही पुढे बघा." इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला तिने दुसरं उत्तर दिलं नाही.

राहुरीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललेलं होतं. उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे रखडत होत्या. त्या सरकल्या तेव्हा सर वेळ भरून काढायला निघाले. सगळी वाहतूक उजव्या हाताच्या कच्च्या रस्त्यावर वळवली होती आणि ते वळण सरांना जरा उशिराच दिसलं. त्यांनी गाडी करकचून उजवीकडे घेतली.

खट् असा लहानसा आवाज झाला. डाव्या बाजूने एकदम वारा आणि धूळ आत आली. सरांनी वळून पाहिलं तेव्हा दार सताड उघडं होतं, स्टेला अर्धी बाहेर झुकलेली होती आणि पट्टा तिच्या खांद्यात रुतला होता. त्यांनी डाव्या हाताने तिचा दंड धरला. तो त्यांनी इतका घट्ट धरला की गाडी उभी राहिल्यावरही त्यांना तो सोडता येईना.

मागच्या टेम्पोने ब्रेक मारला. ड्रायव्हर उतरून धावत आला.

"आवो सर, हे दार हाय का चेष्टा? ताई पडली आसती ना! पोटुशी हाय ती!"

सरांचा हात अजून स्टेलाच्या दंडावरच होता.

"मी ठीक आहे," स्टेला म्हणाली. तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "लाथा मारतंय. रागावलंय आजोबांवर."

सर उतरले. भोपळा मागे रस्त्यात पडला होता. त्याची दोन शकलं झाली होती आणि टेम्पोचं पुढचं चाक त्यांच्यापासून हातभरावर थांबलेलं होतं. पिवळाजर्द गर मातीत पसरला होता. सरांनी त्या जागेकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. ते तसेच रस्त्याच्या कडेला खाली बसले. टेम्पोवाल्याने पाण्याची बाटली आणून दिली.

स्टेलाला मागच्या सीटवर बसवून, दार तिच्या ओढणीने बांधून, सरांनी बैलगाडीच्या चालीने गाडी राहुरीत आणली. पहिलं गॅरेज दिसलं तिथे ते थांबले. गॅरेजवाला हनुमंत सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडून बसलेला माणूस, त्याने काही न विचारता स्टेलाला खुर्ची दिली आणि दाराचं आवरण खोललं. आवरण निघालं तसा आतून काळा, कडक झालेला एक तुकडा टपकन खाली पडला.

"हे काय म्हनायचं?" हनुमंतने तो उचलला.

"ट्यूब आहे. सायकलची," सर म्हणाले. "मीच बसवली होती."

"तळाला पडली हुती. वर चिखुल बसून वाळलाय बगा. लई जुनं काम हाय."

"म्हणजे आज निखळलेली नाही?"

"आज? न्हाई ओ. कवाच पडलीय ही." आणि तो नव्या लॉकच्या शोधात मागे गेला.

सरांनी तुकडा हातात घेतला. बोटांनी दाबला तर त्याचा भुगा झाला. तारेचे वेढे मात्र जागच्या जागी होते, काही न धरता तसेच गुंडाळलेले. सर वाकले, दार हळूच लावून पाहिलं. खटका जेमतेम टेकत होता. सरळ रस्त्यावर, शेजारी कुणी नसताना तो टेकलेला राहिला असता. दोन वर्षं ते एकटेच तर फिरत होते. पण त्याआधीचं काय? हा हिशेब त्यांना लागेना.

"मग इतकी वर्षं उघडलं कसं नाही?" ते स्वतःशीच म्हणाले.

स्टेला खुर्चीवर पोटावर हात ठेवून बसली होती. तिने आधी ऐकलं नाही असं दाखवलं. मग म्हणाली,

"पप्पा, आई धरून बसायची."

"ती घाबरायची गं. माझ्या गाडी चालवण्याला."

"आई?" स्टेला हसली. "उसाच्या ट्रॅक्टरवर बसून कोल्हारहून नगरला परीक्षा द्यायला आलेली बाई ती. ती घाबरायची?"

सरांनी हाताला लागलेला भुगा झटकला.

"मी लहानपणी विचारलं होतं तिला. म्हणाली, पप्पांच्या गाडीत धरूनच बसायचं असतं. मला वाटलं तशी रीतच आहे. आणि पुढे कळायला लागलं तेव्हा वाटलं, तुम्हांला माहीत असेल. आज मीही धरलं असतं. भोपळा होता ना हातात."

हनुमंत लॉक घेऊन आला. सर बाजूला झाले, पार रस्त्यापर्यंत जाऊन उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं, मनापासून लाज वाटली आणि या सगळ्याच्या वर ग्रेसचा रागही आला. एका शब्दाने सांगायचं होतं. लागत नाही हो, एवढंच. पण मग त्यांना त्या दुपारचा आपला चेहरा आठवला, हात ग्रीसने माखलेले, बघ लागलं की नाही म्हणून विचारणारा. त्या चेहऱ्याला त्यांनी स्वतःसुद्धा खरं सांगितलं नसतं.

नवं लॉक बसलं. हनुमंतने एका बोटाने दार ढकललं आणि ते नुसतं टक् करून लागलं. सरांनी ते चारदा उघडून लावून पाहिलं. आता उचलायला नको होतं, दणकाही नको होता. स्टेला पुन्हा पुढे येऊन बसली.

कोल्हारला देवळाकडे वळायचं वळणही उजव्या हाताचं आहे. तिथे सरांनी गाडी इतकी हळू केली की मागून एक सायकलवाला पुढे निघून गेला. तरीही वळताना त्यांचा डावा हात स्टेलाच्या पुढे आडवा गेलाच.

"लागलंय पप्पा," ती म्हणाली. तिचा हात मात्र मुठीवर होता.

उपासना संपत आली होती. आतून शेवटचं गीत ऐकू येत होतं. अंगणात वेदीपुढे न मावलेली बाजरीची पोती, कांद्यांचे ढीग, पाय बांधलेल्या कोंबड्या, उसाच्या मोळ्या लिलावासाठी मांडून ठेवल्या होत्या. जेम्स देवळाच्या दाराशीच उभा होता. तो लगबगीने आला, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीच्या मागच्या सीटकडे डोकावून पाहिलं.

"दाजी, यंदा भोपळा न्हाई व्हय? म्या तर बोली लावायच्या तयारीत हुतो."

"आणला होता. फुटला वाटेत."

"आन् दार?" जेम्स सवयीने हसत म्हणाला. "दार काय म्हन्तंय?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"उघडलं."

जेम्सचं हसू तिथेच थांबलं. कसं, कुठे, काहीच त्याने विचारलं नाही. त्याने फक्त स्टेलाकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं, ती धडधाकट आहे याची खात्री केली आणि मान खाली घातली. तेव्हा सरांना कळलं की यालाही माहीत होतं. दरसाल विचारत होता तेव्हाही माहीत होतं. सगळ्या कोल्हारला माहीत असेल.

"आक्कानं शपथ घातली हुती दाजी," जेम्स हळू म्हणाला.

"तू स्टेलाला घेऊन जा आत. ऊन आहे. मी गाडी बंद करून येतो."

ती दोघं गेली. सर गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. एका बोटाने दार उघडलं आणि जरा घुटमळून आत बसले. वीस वर्षांत या सीटवर ते कधी बसले नव्हते. इथून स्टीअरिंग दिसत होतं, आरसा दिसत होता, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाचा चेहरा अगदी जवळून दिसला असता.

त्यांनी दार ओढून लावलं. हात मुठीवर होता. मूठ खालच्या बाजूने गुळगुळीत झाली होती आणि तिथे चार बोटांच्या चार खोलगट जागा पडल्या होत्या, लहान लहान. त्यांची बोटं त्यांत मावत नव्हती.

शेवटच्या खेपेला दवाखान्यात नेताना ग्रेस इथेच बसली होती. हाताच्या पाठीवर सलाईनच्या सुईची पट्टी होती, मान सीटवर टेकलेली, डोळे मिटलेले. तरी हा हात मुठीवर घट्ट होता. तिला फार दुखत असावं असं वाटून तेव्हा सरांनी चेष्टा केली नव्हती. "सोड गं हात, आराम कर," एवढंच ते म्हणाले होते.

आणि ती म्हणाली होती, "तुम्ही पुढे बघा."

अंगणात लिलाव सुरू झाला. कुणीतरी कांद्याचा ढीग पुकारला. देवळाच्या दारातून स्टेला हाक मारत होती, "पप्पा, या ना." सरांनी मान हलवली, येतो म्हणून. पण दार आता न धरताही लागून राहत असूनही त्यांनी मूठ काही सोडली नाही.