ओली जागा

शिवांजली पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली ती काचेची एक पेटी घेऊनच. पेटीत पिवळ्या अंगाची, काळ्या ठिपक्यांची पाल. जावई कामाच्या फिरतीवर, पालीकडं बघणार कोण, म्हणून तीही आली. दोन हजार सहा साल ते. शाहूपुरीतल्या त्या गल्लीत तेव्हा लोक पोपट पाळत, फार तर मासे.

शेजारच्या बाळाबाई पेटीत डोकावून म्हणाल्या, "अगं अक्काताई, आमच्या मोरीत चार हायत की! पाठवू का हिच्या सोबतीला?"

शिवांजली पोट धरून हसली होती. आईला, अक्काताईंना, ते हसू पुढं फार आठवे.

कारण मूल जन्मलं ते निपचित. शिवांजलीच्या वडिलांनी, शिवमूर्ती अप्पांनी, त्याला दुपट्यात गुंडाळून नेलं, समाजाच्या रुद्रभूमीत पुरलं आणि घरात बजावलं, जागा पोरीला सांगायची नाही, जाऊन बसेल तिथंच. शिवांजलीनं विचारलंही नाही. रडली नाही. अक्काताई रीतीप्रमाणे शेगडीचा शेक देत, ओव्याची धुरी देत. ती भिंतीकडं तोंड करून निमूट घेई. बोलली तर त्या पालीशी.

एके सकाळी मात्र ती आपणहून स्वयंपाकघरात आली. "अव्वा, श्रीखंडाचा रिकामा डबा हाय का?"

पालीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसत होती. शिवांजलीनं डब्याच्या झाकणाला भोक पाडलं, आत नारळाचा भिजवलेला काथ्या भरला. "ह्यात शिरून उकरंल आन अंडी घालंल. ओल तेवढी जाऊ द्यायची न्हाई."

लेक इतकं बोलली म्हणून अक्काताईंचे डोळे भरून आले. पण ओल? बाळंतिणीला ओल? वारं लागू नये म्हणून त्यांनी लेकीच्या खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या होत्या. दुपारी लेकीचा डोळा लागल्यावर त्यांनी काथ्या काढला, जुन्या लुगड्याचं मऊ धडपं शेगडीवर गरम करून आत घातलं, वर चिमूटभर ओवा. मुकं जनावर असलं तरी बाळंतीण ती बाळंतीण.

पाल डब्यात शिरे, बाहेर येई. पेटीचे कोपरे ओरबाडी. रातकिडे समोर टाकले तरी तोंड लावीना. शिवांजली डबा उघडत नव्हती, बिचकली तर अंडी घालणार नाही म्हणून. शेवटी पाल डोळे मिटून आडवी झाली, तेव्हा तिनं झाकण काढलं. ओव्याचा वास आला.

"अव्वा! हे कुणी केलं?"

"अगं, ओल बाधंल म्हणून मीच..."

"जागा मिळाली न्हाई की अंडी आतच धरून बसती ती. मरती, अव्वा!"

हिचं हेही गेलं तर पोरगी काही उठायची नाही. अक्काताईंनी धावत जाऊन काथ्या भिजवला, मुठीत घट्ट पिळला, डबा भरून पालीच्या तोंडाशी ठेवला. मग दोघी पेटीला पाठ लावून बसल्या. आत खरवडल्याचा आवाज सुरू झाला, तरी कुणी वळून पाहिलं नाही.

सकाळी पाल बाहेर पडून होती, पोट खपाटीला गेलेलं. काथ्यात दोन अंडी.

"उबवायला शेगडी देऊ का गं?" अक्काताई हरखून म्हणाल्या.

"नको. नर कुठं होता? ह्यातनं काय निघणार न्हाई."

"मग एवढा जीव काढला तो कशाला?"

"ठेवायला जागा लागतीच की, अव्वा." शिवांजलीनं अंड्यांवर पुन्हा काथ्या ओढला. हात तसाच राहिला. "माझं कुठं ठेवलंय?"

देवघरातून अप्पांच्या पूजेची घंटा ऐकू येत होती. अक्काताई त्या दाराकडं बघत राहिल्या. मग त्यांनी शेगडीवर पाणी ओतलं.

"डोक्याला फडकं बांध," त्या म्हणाल्या, "वारं हाय भाईर. चल, मी दावतो."