डॉक्टर म्हणतात

रोवेनाने वेल्डनच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खळगा भरून आला नाही.

"झोप लागते का, मिस्टर वेल्डन?"

"खुर्चीत लागते. आडवं झालं की छातीवर वासरू बसल्यासारखं होतं."

विचारून येते, असं सांगून ती मागच्या खोलीत गेली. तिची आई, डॉ. लव्हॉन, मांडीवर वाडगं घेऊन अक्रोडासारखे पेकान सोलत होती. टेक्ससमध्ये नर्सला दवाखाना चालवायचा तर डॉक्टरचं नाव लागतं. इथे ते आईचं होतं. रोगी मात्र सगळे रोवेनाच तपासत असे.

तिने लक्षणं सांगितली. आईने मान वर केली नाही.

"तू काय म्हणतेस?"

"लघवीची गोळी वाढवावी. आठवड्याने परत बघावं."

"मग मला कशाला विचारतेस?" आईने तिच्या तोंडात एक पेकान कोंबला. "जा."

रोवेना चावतच बाहेर आली. "डॉक्टर म्हणतात, गोळी वाढवा."

वेल्डनचा चेहरा निवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंथरुणातून उठलीच नाही.

दफनानंतर सरकारी कार्यालयातल्या बाईने फोनवर सांत्वन केलं आणि मग स्पष्ट सांगितलं: दुसरा डॉक्टर नाव देईपर्यंत एकही रोगी तपासायचा नाही, तपासला तर परवाना जाईल. रोवेनाचं तालुक्याबाहेरच्या दोन डॉक्टरांना विचारून झालं होतं. इतक्या आडगावच्या दवाखान्याला नाव द्यायला दोघेही तयार नव्हते.

रोवेना बाहेरून कुलूप लावत होती तेव्हा वेल्डनचा ट्रक आला. दोनच पायऱ्या, पण तो पहिलीवरच कठडा धरून थांबला आणि हॅट काढली.

"वाईट झालं, पोरी. त्यांच्यासारखी..." पुढच्या शब्दासाठी त्याला श्वास घ्यावा लागला.

तिने त्याचे बूट पाहिले. नाड्या सोडलेल्या होत्या. आपल्याला आता तपासता येत नाही, दीड तासावरच्या इस्पितळात जावं लागेल, हे तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं.

"तिथवर मी स्टिअरिंगवरच झोपेन." तो हसायला गेला आणि खोकला. "डॉक्टर असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

किल्ली अजून कुलपातच होती. रोवेनाने ती उलटी फिरवली.

"त्यांनी मलाच विचारलं असतं, मिस्टर वेल्डन." तिने दार ढकललं. "मी म्हणते, आत चला."